जुन्या पॉप-अप कॅम्परच्या टपावर ट्रॅक बसवून घेतले, जळगाव एमआयडीसीतल्या कामाचा दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

हा रिव्ह्यू काम झालं त्याच आठवड्यात टाकणार होतो पण मुद्दाम थांबलो, कारण टपावर भोकं पाडून केलेलं काम चांगलं की वाईट ते पावसाळा गेल्याशिवाय सांगता येत नाही. काम झालं एप्रिल २०२४ मध्ये, त्यानंतर दोन पावसाळे गेले, दोन उन्हाळे गेले, तोरणमाळ झालं, सारंगखेड्याची यात्रा झाली, सातपुड्यातलं पाल गाव झालं, आता लिहायला हरकत नाही.

गाडी आमची २०१२ ची सिंगल केबिन बोलेरो पिकअप, आणि मागे पॉप-अप कॅम्पर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, पिकअपच्या हौद्यावर एक पेटीसारखी खोली बसवलेली असते, रस्त्यावर असताना तिचा टप खाली बसलेला असतो आणि मुक्कामाला पोचलं की टप आतून वर ढकलायचा, मग चारी बाजूंनी कॅनव्हास उघडतो आणि आत उभं राहता येतं. अमेरिकेत हा प्रकार जुना आहे, तिथली फोर व्हील कॅम्पर्स कंपनी १९७२ पासून हेच बनवते. आपल्याकडे असला रेडिमेड सहज मिळत नाही, आमचा एका बॉडी बिल्डरने बनवलेला आहे आणि मी तो आधीच्या मालकाकडून सेकंडहँड घेतला, आरसीवर कॅम्परची नोंद त्यांनी करून ठेवली होती. फ्रेम ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची, वर ॲल्युमिनियमचाच पत्रा, आतून सीलिंगला पातळ प्लाय. टप साधारण आठ फूट लांब आणि सव्वापाच फूट रुंद.

ट्रॅक म्हणजे टपावर पक्क्या बसवलेल्या, खाच असलेल्या धातूच्या पट्ट्या, त्यांच्यावर आडवे बार बसतात. ते कशाला पाहिजे होते तर दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे सोलार पॅनेल. आपल्या खान्देशात एप्रिल-मे मध्ये ४४-४५ डिग्री असतं, आई बरोबर असते, तिला रात्री पंखा लागतोच, आणि गाडीच्या बॅटरीवर पंखा चालवला की सकाळी सेल्फ मारायची भीती. दुसरं म्हणजे बाजूला सावलीची ताडपत्री, म्हणजे गाडीच्या कडेला मांडवासारखी ओढता येते ती. या दोन्ही गोष्टी टपावर धरून ठेवायला काहीतरी पक्कं पाहिजे. ट्रॅकचा फायदा हा की एकदा ते नीट बसले की वरचे आडवे बार पुढेमागे सरकवता येतात, काढता येतात, उद्या पॅनेल मोठं घेतलं तर परत टपाला हात लावावा लागत नाही.

आता आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय या कामाची किंमत कळणार नाही. २०२२ मध्ये मी दुसऱ्या एका गावात एका दुकानात कॅरियर बसवून घेतला होता. लोखंडी अँगलचा, दोन मीटर लांबीचे दोन अखंड पाय, नुसत्या कॅरियरचं वजन २८ किलो. दुपारी गाडी दिली आणि संध्याकाळी मिळाली, इतकं फास्ट काम. त्यांनी केलं काय तर सेल्फ-टॅपिंग स्क्रू सरळ पत्र्यात मारले, खाली पाइप आहे की नाही ते बघितलंच नाही, आणि वरून सिलिकॉनची ट्यूब फिरवली. एक मिलिमीटरचा पत्रा, त्यात स्क्रूचे किती आटे बसणार, दोन सुद्धा नाही. पहिले तीन-चार महिने काहीच झालं नाही, मी सगळ्यांना सांगत होतो की मस्त काम झालं. मग जुलै लागला आणि एका रात्री चोपड्याकडे मुक्कामाला असताना आईच्या उशाशी टिपूस टिपूस पाणी यायला लागलं. आधी वाटलं कॅनव्हासमधून येतंय. दुसऱ्या दिवशी सीलिंगच्या प्लायला बोट लावलं तर बोट आत गेलं, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झाली होती ती प्लाय.

तेव्हा मला कारण कळलं नव्हतं, ते नंतर आप्पांनी, म्हणजे ज्यांनी हे ट्रॅकचं काम केलं त्यांनी, समजावून सांगितलं आणि ते इथे सांगतो कारण खूप जण हीच चूक करतात. ॲल्युमिनियम उन्हात लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. टपाचा पत्रा सकाळी १५-२० डिग्री आणि दुपारी सहज ६५-७० होतो, म्हणजे ५० डिग्रीचा फरक धरा, तर दोन मीटरला ॲल्युमिनियम सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास वाढतं आणि लोखंड फक्त सव्वा मिलिमीटर. उरलेला एक मिलिमीटर जाणार कुठे, तो त्या स्क्रूच्या भोकात जातो, रोज दुपारी एकीकडे आणि रोज रात्री परत. महिनोन्महिने असं करवतीसारखं चाललं की भोक मोठं होणारच. आणि लोखंड-ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये पाणी असेल तर ॲल्युमिनियम खायला लागतं, पांढरी पावडर येते, ती आमच्याकडे प्रत्येक स्क्रूभोवती आली होती.

तर तो कॅरियर काढला, भोकांवर तात्पुरती पट्टी मारली, ताडपत्री बांधून दीड वर्ष गाडी तशीच वापरली आणि माणूस शोधत राहिलो. पुण्यात करून देणारे आहेत पण त्यांचा खर्च आणि गाडी महिनाभर तिकडे ठेवणं जमणारं नव्हतं. शेवटी आमच्या इथल्या एका ओळखीच्यांनी, ज्यांचा केळीच्या गाड्यांच्या बॉडीचा धंदा आहे, त्यांनी सांगितलं की अजिंठा चौफुलीवरून एमआयडीसीत शिरल्यावर एक आप्पा आहेत, ॲल्युमिनियमचं काम त्यांच्यासारखं कोणी करत नाही. शेडचं नाव मी टाकत नाहीये, कारण आप्पांनी स्वतः सांगितलं की हातात तीन महिन्यांचं काम आहे, लोकांना रांगेत उभं करून नाही म्हणायला बरं वाटत नाही. त्या भागात ॲल्युमिनियमवाले आप्पा कोण असं विचारलं तर कोणीही शेड दाखवेल.

पहिल्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो तेव्हा मला वाटलं लगेच ड्रिल काढतील. आप्पांनी टपावर चढून फक्त हात फिरवला, जुनी भोकं मोजली, ती निघाली १६, आणि खाली उतरून म्हणाले, "पहिले पाइप कठे शे ते सापडू दे भो, मंग भोक पाडसूत." मी म्हटलं आप्पा चुंबक लावून बघू, तर ते हसले नाहीत, नीट सांगितलं की फ्रेम ॲल्युमिनियमची आहे, चुंबक काय धरणार. बोटांनी ठोकून आवाजावरून अंदाज येतो, पाइपवर आवाज भरीव येतो, पण ठोकून इंचभर इकडेतिकडे होतंच आणि पाइप जर दोन इंचाचा असेल तर इंचभर चुकणं म्हणजे अर्धं भोक हवेत.

म्हणून त्यांनी सीलिंगची प्लाय उतरवायला सांगितली. मला ते नको होतं, खर्च वाढणार होता, पण तशीही अर्धी प्लाय सडलेली होती. प्लाय उतरवली आणि तेव्हा दिसलं की हे किती बरोबर होतं. आडवे पाइप दर ४० सेंटिमीटरवर असतील असं आम्ही धरून चाललो होतो, पहिले तीन तसेच होते, चौथा मात्र ३२ वर. कारण त्याच्या पुढे छताची व्हेंटची खिडकी आहे आणि बॉडी बिल्डरने खिडकीला आधार म्हणून तो पाइप पुढे घेतला होता. बाहेरून मोजून भोक पाडलं असतं तर तिथली भोकं सरळ मोकळ्या पत्र्यात गेली असती आणि परत तेच रडगाणं. आप्पांच्या पोऱ्याने प्रत्येक पाइपचं माप आतून कडेपासून घेतलं, कागदावर लिहिलं, मग बाहेरून त्याच कडेपासून मार्किंग केलं, परत आत जाऊन बॅटरी मारून खात्री केली. पूर्ण एक दिवस एवढ्यातच गेला आणि एकही भोक पडलं नाही. तो दिवस या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा होता असं मला आज वाटतं.

ट्रॅकचं सांगतो. थुले किंवा याकिमाचे ओरिजिनल ट्रॅक मागवायचा विचार केला होता, अमेरिकेतल्या अशा कॅम्परवर तेच असतात, पण शिपिंग आणि कस्टम धरून हिशोब केला तर परवडत नव्हतं. आप्पांनी सुचवलं की सोलारच्या स्ट्रक्चरला जी ॲल्युमिनियम रेल लागते तीच घ्या. ही रेल आपल्याकडे आता कुठल्याही सोलारवाल्याकडे मिळते, पत्र्याच्या शेडवर पॅनेल बसवायला वापरतात, खाली चपटी पट्टी असते आणि वर खाच, त्या खाचेत टी-बोल्ट सरकतो. पॅनेल धरून ठेवणारे मिड क्लॅम्प एंड क्लॅम्प त्यालाच बसतात. म्हणजे पत्रा ॲल्युमिनियम, पाइप ॲल्युमिनियम, रेल पण ॲल्युमिनियम, सगळं एकत्र तापणार आणि एकत्र थंड होणार, एक मिलिमीटरची ती ओढाताणच संपली.

रेल अखंड लावली नाही. आमचा टप मध्ये किंचित उंच आहे आणि पाणी दोन्ही कडांना उतरतं, आता लांबीच्या दिशेने अखंड पट्टी लावली की ती पाण्याला बांध घातल्यासारखं करते, पाणी तिच्या आतल्या बाजूला साचून राहतं. म्हणून प्रत्येक बाजूला ९० सेंटिमीटरचे दोन तुकडे आणि मध्ये मोकळी जागा सोडली, पाणी त्यातून निघून जातं. हे मला तर सुचलंच नसतं. दोन्ही बाजूंच्या रेल एकमेकांना समांतर आहेत का ते दोरीने कर्ण मापून बघितलं, दोन्ही कर्ण सारखे आल्यावरच पुढे गेले, कारण रेल तिरकी असेल तर बार सरकवताना अडकतो.

आता भोकं. एकूण २४, प्रत्येक तुकड्याखाली तीन पाइप आणि प्रत्येक पाइपला दोन बोल्ट. पाइपची भिंत दोन मिलिमीटरची, तिच्यात नुसता स्क्रू धरत नाही, म्हणून रिव्हनट वापरले एम-६ चे. रिव्हनट म्हणजे आतून आटे असलेली छोटी बाही, भोकात घालून रिव्हेटच्या बंदुकीने खेचली की पाइपच्या आत फुगून घट्ट बसते आणि मग त्यात बोल्ट पिळायचा. एम-६ ला भोक नऊ मिलिमीटरचं लागतं आणि ते नऊच पाहिजे, साडेनऊ झालं तर बोल्ट आवळताना रिव्हनट जागेवर फिरायला लागतो आणि एकदा फिरला की तो काढणं महाकठीण. आप्पा आधी तीनच्या ड्रिलने, मग सहाच्या, मग नऊच्या असं करत गेले. एका भोकाला ड्रिल थोडं हललं तर ते भोक त्यांनी तसंच वापरलं नाही, तिथे आतून पट्टी लावून घेतली, मला विचारलं पण नाही, स्वतःहून केलं.

एक गोष्ट मी अगदी जवळून बघितली, शेवटचं भोक झाल्यावर आप्पांनी जुना टूथब्रश घेतला आणि प्रत्येक भोकाभोवतीचा बुरादा झाडला, मग ओलं फडकं, मग थिनरचं फडकं, आणि मग भोकाच्या कडेवर अंगठा फिरवून बघितला, काही टोचतंय का. २४ भोकं, २४ वेळा अंगठा. जिथे टोचलं तिथे परत कानस. मी विचारलं एवढं कशाला, तर म्हणाले धार राहिली की ती टेप कापते, टेप कापली की पाणी.

टेप म्हणजे ब्युटाइल टेप. काळी, च्युइंगमसारखी चिकट, कागद काढून रेलच्या खाली पूर्ण लांबी लावायची. ही सहजासहजी वाळत नाही, वर्षानुवर्षं मऊ राहते, म्हणून हलणाऱ्या गाडीला चालते. बोल्ट एकदम आवळायचे नाहीत, थोडे थोडे सगळे सारखे, टेप दबून कडेने बाहेर येते, मग एक दिवस उन्हात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी परत आवळायचं, कारण उन्हाने टेप अजून बसते. जळगावच्या एप्रिलच्या उन्हात एका दुपारीच इतकी टेप बाहेर आली की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावी लागली. मग वरून कडेला आणि बोल्टच्या डोक्यावर पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं सीलंट. सिलिकॉन अजिबात नाही. जुन्या सिलिकॉनचा एक एक कण खरवडायला पोऱ्याचे चार तास गेले, कारण सिलिकॉनवर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही, आणि ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन धातूला खातं. घरातल्या बेसिनला लावायचं ते गाडीच्या टपाला लावू नका, एवढं तरी ऐका.

जुनी १६ भोकं पत्र्याची गोल ठिगळं मारून बंद केली, खाली तीच टेप, बंद तोंडाचे रिव्हेट, वरून सीलंट. बोल्ट सगळे स्टेनलेस ३०४, खाली नायलॉनचा वायसर म्हणजे बोल्टचं स्टीलचं डोकं ॲल्युमिनियमला टेकत नाही. आपल्याकडे कोकणासारखी खारी हवा नाही पण पावसाळ्यात चार महिने ओल असतेच.

मग चाचणी. सीलिंग बंद करायच्या आधी आप्पांनी आतून सगळ्या पाइपांखाली रद्दी पेपर चिकटवून घेतले आणि टपावर नळी सोडून अर्धा तास पाणी मारलं. पेपरवर एक थेंब पडला तरी डाग दिसतो. एका पेपरवर डाग दिसला. रेलखाली नव्हता, व्हेंटच्या खिडकीच्या कोपऱ्यात होता, म्हणजे ती गळती जुनीच होती आणि आम्हाला माहीतच नव्हती. तीही खिडकी उचलून टेप घालून परत बसवली. परत पाणी, परत नवे पेपर, यावेळी सगळे कोरडे. ते पेपर मी हातात घेऊन बघितले, कडक वाजत होते, मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

टपावर वजन वाढलं की पॉप-अपला दुसरी अडचण येते, ती म्हणजे टप उचलायचा कसा. पॅनेल दोन, १०० वॅटचे, प्रत्येकी सात किलो, तीन बार, रेल, ताडपत्रीचा रोल पाइपसकट आठ किलो, सगळं मिळून ३० किलोच्या आसपास झालं. टपाचं स्वतःचं वजन साधारण ४५. म्हणजे आता ७५ किलो आतून ढकलायचं. आधी २५० न्यूटनचे चार गॅस शॉकर होते, डिकीला असतात तसे, ते बदलून ४०० चे घातले. आता मी एकटा एका हाताने उचलतो, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, शॉकर जोरदार झाले की रस्त्यावर असताना ते टपाला सतत वर ढकलत असतात, त्यामुळे बाहेरची कुलपं म्हणजे लॅचेस पक्की पाहिजेत, आम्ही दोनाची चार केली. दुसरं, गॅस उन्हात फुगतो आणि थंडीत आकसतो. उन्हाळ्यात जळगावला सेट केलेले शॉकर डिसेंबरला तोरणमाळच्या पहाटे दहा-बारा टक्के तरी कमी जोर देतात. आम्ही यशवंत तलावाजवळ मुक्काम केला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं शॉकर खराब झाला, आप्पांना फोन केला, ते म्हणाले उन्हं चढू दे मग बघ, आणि दहा वाजता खरंच टप आपोआप वर गेल्यासारखा गेला.

पॅनेल टपाला चिकटवून टाकायचा सल्ला मला खूप जणांनी दिला होता, वारा लागत नाही, उंची वाढत नाही म्हणून. पण पॅनेल तापलं की वीज कमी देतं, २५ डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के. आपल्या उन्हाळ्यात पॅनेल ६५ ला गेलं तर १५ टक्क्यांच्या आसपास गेलीच. खालून हवा खेळली तर तेवढं तापत नाही. आमच्या पॅनेलखाली आता चार बोटं जागा आहे, आणि त्याचा मला न वाटलेला फायदा म्हणजे पॅनेलची सावली टपावर पडते, आत हात लावला तर पॅनेलखालचं सीलिंग आणि उघड्या भागाचं सीलिंग यात स्पष्ट फरक कळतो. आई आता बरोबर पॅनेलखालच्या बाजूला डोकं करून झोपते.

उंचीचं मात्र सगळ्यांनी बघा. टप खाली असताना आधी गाडी २.२५ मीटर होती, आता २.४१ आहे. आपल्याकडे रेल्वेखालून जाणारे छोटे बोगदे भरपूर आहेत, तिथे हाइट गेजचा लोखंडी बार असतो, एक सेकंद विसरलात तर पॅनेल गेलं. मी डॅशबोर्डवर थोडं जास्त धरून मोठ्या अक्षरात २.४५ लिहून चिकटवलंय. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत आरसीपेक्षा वेगळा बदल करायला बंधन आहे, त्यामुळे काम सुरू करायच्या आधी आरटीओत जाऊन विचारून घ्या.

खर्च सांगतो. रेल, बार, रिव्हनट, बोल्ट, टेप, सीलंट, प्लाय, सगळं सामान १३,४०० रुपये, चार शॉकर ४,८०० आणि मजुरी ९,०००, म्हणजे २७,२०० झाले. पॅनेल आणि बॅटरी वेगळी. आधीच्या दुकानात मी ६,५०० दिले होते, आणि नंतर सडलेली प्लाय, गादी, दीड वर्ष ताडपत्री बांधणं हे सगळं धरलं तर ते साडेसहा हजार फार महाग पडले.

तक्रारी आहेत, त्या पण लिहितो. पाच दिवसांत देतो म्हणाले आणि अकरा दिवस लागले. त्यातले दोन दिवस लग्नसराईत पोऱ्या गावाला गेला म्हणून, ते समजू शकतो, पण फोन करून सांगायला पाहिजे होतं, मी दोनदा धरणगावहून हेलपाटा मारला. बिल साध्या कागदावर दिलं, मागितल्यावर पक्कं दिलं. कोणत्या पाइपचं माप किती आहे तो कागद मी मागून घेतला नसता तर तो रद्दीत गेला असता, आणि पुढे कधी टपावर काही करायचं तर तोच कागद सोन्यासारखा आहे, त्यामुळे तुम्ही काम करून घेतलं तर मापं स्वतः लिहून ठेवा, फोटो काढा, प्लाय बंद व्हायच्या आधी. आणि बारांचा आवाज, ७० च्या वर गेलं की शिट्टीसारखा आवाज यायचा, चौकोनी बारावर वारा आदळतो म्हणून. आप्पांनी मोफत बघून दिलं, बाराच्या पुढच्या कडेला दरवाजाचा रबर चिकटवला, आवाज निम्म्याहून कमी झाला, पूर्ण गेला नाही. गोल किंवा पानाच्या आकाराचा बार घेतला असता तर हा त्रास झाला नसता, हे आधी सांगायला हवं होतं.

पण पाणी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहाद्याहून तोरणमाळला चढताना सातपायरी घाटात असा पाऊस लागला की वायपर कमी पडत होते, वर पोचल्यावर रात्रभर तो थांबला नाही. मी झोपलोच नाही, दर तासाला उठून बॅटरी मारून सीलिंगच्या कडा बघत होतो, प्रत्येक बोल्टची जागा मला पाठ झाली होती. पहाटे आई उठली, तिने आधी गादीवरून हात फिरवला, मग उशीखाली, आणि म्हणाली, "मनी गादी वल्ली व्हयनी नही रे भो." मग स्टोव्ह पेटवून चहा ठेवला.

डिसेंबरमध्ये सारंगखेड्याला घोड्यांच्या बाजारात तीन दिवस होतो, तापीच्या काठाला गाडी लावली, ताडपत्री ओढली, तिच्याखाली आईने कळण्याची भाकरी केली आणि बाजूच्या घोडेवाल्यांना पण दिली. तीन दिवस पंखा, दिवे, मोबाइल सगळं पॅनेलवर चाललं. त्यातले एक जण, साताऱ्याकडचे, टपाकडे बघून विचारत होते हे कुठे केलं, त्यांच्याकडे ट्रकवर बांधलेली मुक्कामाची पेटी आहे, तिच्यावर त्यांना ताडपत्री लावायची होती. त्यांना मी आप्पांचा पत्ता दिला.

या ऑक्टोबरमध्ये परत शेडवर गेलो होतो. आप्पांनी २४ बोल्ट तपासले, दोन थोडे ढिले निघाले, दोन्ही मागच्या टोकाचे, खड्ड्यांचा हादरा तिथे जास्त बसतो म्हणून. सीलंटला एका ठिकाणी केसाएवढी चीर होती, तिथे खरवडून परत भरलं. पैसे घेतले नाहीत, मी जबरदस्तीने दोनशे पोऱ्याच्या हातात दिले. पुढचं चेकिंग मार्चमध्ये, उन्हाळा लागायच्या आत, तेव्हा बार बदलून गोल घालून घेणार आहे आणि मधल्या मोकळ्या जागेत अजून एक पॅनेल बसतंय का ते मापून बघणार आहे, कागद जपून ठेवलाय.